वार्ता आधी कोणास? शेअर बाजार, स्विच आणि समान वाटपाचा प्रश्न

१/ १८६५ मध्ये अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्याची वार्ता मुंबईत पोहोचली आणि कापसाचे भाव कोसळले. अनेक पेढ्या बुडाल्या. वार्ता आधी कळणे म्हणजे तरणे, हा त्या काळाचा धडा. सुमारे दीडशे वर्षांनी तोच प्रश्न याच शहरात नेटवर्कच्या तारांमध्ये उभा राहिला. #धागा

२/ एनएसई, म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजारात १९९४ साली व्यवहार सुरू झाले. देशभरातील दलाल व्हीसॅटच्या तबकड्यांनी उपग्रहाद्वारे त्याच्याशी जोडलेले होते. उपग्रहावरून प्रसारित होणारा भाव सर्वांसाठी एकच. आमच्या डोंगरीतील चर्चची घंटा वाजवणारा जसा कोणाचे दार आधी, कोणाचे नंतर असा क्रम लावत नाही, तसेच हे.

३/ पुढे २००९-१० च्या सुमारास 'को-लोकेशन' आले. दलालांचे संगणक बाजाराच्याच आवारात बसले. प्रत्येक सौद्याची, प्रत्येक मागणीची माहिती त्यांना टीसीपी पद्धतीने मिळे. या पद्धतीत प्रत्येक ग्राहकाशी स्वतंत्र जोडणी असते आणि तीच माहिती पोस्टमनप्रमाणे एकामागून एक दिली जाते. सकाळी जो आधी जोडला गेला, त्याचे दार आधी.

४/ वास्तविक पर्याय जुनाच होता. स्टीव्ह डीअरिंग यांनी १९८९ मध्येच मल्टिकास्टचे मानक मांडले होते. प्रेषकाने एकच प्रत २२४ ते २३९ ने आरंभ होणाऱ्या गट-पत्त्यावर पाठवायची; प्रती काढण्याचे काम नेटवर्कचे.

५/ येथे स्विचची भूमिका निर्णायक ठरते. साधा स्विच असा संदेश सर्व पोर्टांवर लोटून देतो आणि नको असलेली यंत्रेही त्याखाली दबतात. 'आयजीएमपी स्नूपिंग' सुरू केल्यास तो सदस्यत्वाचे निरोप ऐकतो आणि ज्यांनी मागणी केली त्याच पोर्टांवर माहिती सोडतो.

६/ मात्र 'तुम्ही अजून सदस्य आहात ना?' असे ठरावीक अंतराने विचारणारा कोणी लागतो. त्यास 'क्वेरिअर' म्हणतात. मानकानुसार हे अंतर सामान्यतः १२५ सेकंदांचे. तो नेमायचा राहिला, तर स्विचमधील नोंदी कालबाह्य होतात आणि सुरळीत चाललेला प्रवाह काही मिनिटांत थांबतो.

७/ एनएसईची टीसीपी व्यवस्था २०१४ पर्यंत चर्चेबाहेर राहिली. नंतर मल्टिकास्ट आले. २०१५ मध्ये एका निनावी जागल्याचे पत्र 'मनीलाइफ'ने प्रसिद्ध केले. बाजाराने १०० कोटींचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. मुंबई उच्च न्यायालयाने बाजाराचा अर्ज फेटाळून त्यालाच ५० लाखांचा भुर्दंड सोसायला लावला.

८/ ३० एप्रिल २०१९ रोजी सेबीने ६२४.८९ कोटी रुपये १२ टक्के व्याजासह भरण्याचा आदेश दिला. जानेवारी २०२३ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने तो रद्द केला. तरी पुरेशी दक्षता न बाळगल्याबद्दल १०० कोटी भरण्यास सांगितले. सेबी सर्वोच्च न्यायालयात गेली.

९/ इतिहासाचा विद्यार्थी दप्तरे वाचताना विचारतो: हा क्रम कोणी लावला? स्विचची मांडणीही तसेच एक दप्तर आहे. 'तांत्रिक बाब' म्हणून जे बाजूला सारले जाते, त्यातच पुष्कळदा ठरलेले असते की रांगेत पहिला कोण आणि शेवटचा कोण.