फिलिबस्टर : एका खोडलेल्या नियमाची कुळकथा

अमेरिकेच्या सेनेटमध्ये शंभर सदस्य आहेत. त्यातल्या एकावन्न जणांना एखादे विधेयक हवे असले, तरी ते मंजूर होईलच असे नाही; कारण चर्चा थांबवून मतदान घ्यायलाच साठ जण लागतात. चर्चा लांबवून मतदान अडवण्याच्या या डावाला फिलिबस्टर म्हणतात. घटनाकारांनी अल्पमताच्या रक्षणासाठी हे हत्यार विचारपूर्वक घडवले, असे तिथे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. ते खरे नाही. राज्यघटनेत फिलिबस्टरचा उल्लेखसुद्धा नाही. त्याचा जन्म नियमावलीची साफसफाई करताना झाला.

1789 मध्ये सेनेट आणि प्रतिनिधिगृह या दोन्हींच्या नियमांत 'मुख्य प्रश्न मताला टाकावा' असा ठराव मांडण्याची सोय होती. तेव्हा चर्चा बंद पाडायला तिचा वापर होत नसे. 1805 च्या मार्चमध्ये मावळते उपराष्ट्राध्यक्ष ॲरन बर सेनेटचा निरोप घेत होते. आदल्याच वर्षी द्वंद्वयुद्धात त्यांच्या गोळीने अलेक्झांडर हॅमिल्टनचा जीव गेला होता, आणि त्याबद्दल त्यांच्यावर आरोपही दाखल होते. अशा या माणसाने निरोपाच्या भाषणात सल्ला दिला की नियम फार वाढलेत, हा ठराव तर फारसा कुणी वापरतही नाही. 1806 मध्ये सेनेटने तो वगळला. प्रतिनिधिगृहाने मात्र ठेवला आणि पाच वर्षांत त्याचा अर्थ असा लावला, की साध्या बहुमताने चर्चा संपवता येते. सेनेटच्या हाती असे काहीच उरले नाही. या फटीचा फायदा घ्यायला सदस्यांना तीसेक वर्षे लागली.

1841 मध्ये हेन्री क्ले यांचे राष्ट्रीय बँकेचे विधेयक विरोधकांनी दिवसेंदिवस बोलून रखडवले. क्ले यांनी चर्चेला लगाम घालायची धमकी दिली, तेव्हा साउथ कॅरोलिनाचे जॉन कॅल्हून उसळले. अल्पमताच्या हक्काची भाषा या डावाशी जोडणाऱ्यांत ते आघाडीवर होते, आणि ज्या अल्पमताची त्यांना काळजी होती ते गुलाममालकांचे होते. हे विसरून फिलिबस्टरचे गुणगान करता येत नाही.

नाव त्यानंतर आले. डच भाषेतला लुटारूसाठीचा शब्द स्पॅनिशमार्गे अमेरिकेत पोचला होता. 1850 च्या दशकात खाजगी फौजा घेऊन क्युबा आणि मध्य अमेरिकेवर चालून जाणाऱ्यांना तो लावत. त्यांतला विल्यम वॉकर तर 1856 मध्ये निकाराग्वाचा अध्यक्ष होऊन बसला. सभागृहाचे कामकाज पळवणाऱ्यांनाही लोक तेच नाव देऊ लागले.

1917 मध्ये जर्मन पाणबुड्यांपासून बचावासाठी व्यापारी जहाजांवर तोफा बसवायचे विधेयक मूठभर सिनेटरांनी अधिवेशन संपेपर्यंत लोंबकळत ठेवले. राष्ट्राध्यक्ष विल्सन संतापले. 8 मार्चला सेनेटने नियम 22 दुरुस्त केला : दोन तृतीयांश मते पडली, तर चर्चा बंद.

दक्षिणेतल्या सिनेटरांना हा उंबरठा सोयीचाच ठरला. झुंडबळींविरुद्धचे डायर विधेयक 1922 च्या जानेवारीत प्रतिनिधिगृहात मंजूर झाले, आणि सेनेटमध्ये बोलून बोलून मारले गेले. 1938 मध्ये तशाच दुसऱ्या विधेयकाचे तेच झाले. लोकांच्या आठवणीत राहतो तो ह्यूई लाँग, 1935 मध्ये पंधरा तास उभा राहून तळलेल्या कालवांची कृती सांगणारा. पण या डावाचा खरा इतिहास त्या कृतीत नाही, तो या मेलेल्या विधेयकांत आहे. 1957 मध्ये स्ट्रॉम थर्मंड 24 तास 18 मिनिटे बोलले, तेही काळ्या नागरिकांच्या मतदानहक्काच्या विधेयकाविरुद्धच. ते विधेयक तरीही मंजूर झाले.

नागरी हक्कांच्या विधेयकावरची चर्चा मतदानाने बंद करणे सेनेटला पहिल्यांदा जमले ते 10 जून 1964 रोजी, साठ दिवसांच्या अडवणुकीनंतर. कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल मेंदूच्या गाठीने आजारी होते, त्यांची वाचा गेली होती. चाकांच्या खुर्चीतून त्यांना सभागृहात आणले. नाव पुकारताच त्यांनी बोट डोळ्याकडे नेले. इंग्रजीत 'डोळा' आणि मतदानातला 'होय' यांचा उच्चार एकच. ठराव 71 विरुद्ध 29 मतांनी जिंकला. पुढच्याच महिन्यात एंगल गेले.

1970 च्या दशकात एक विधेयक अडलेले असतानाच दुसरे चालवण्याची सोय झाली, आणि 1975 मध्ये उंबरठा साठ मतांवर आला. दोन्ही बदल कामकाज सुरळीत व्हावे म्हणून केलेले. पण त्यांमुळे अडवणाऱ्याला उभे राहून बोलण्याचीही गरज उरली नाही. साठ मते नाहीत एवढे दिसले की विधेयक पडून राहते. 2013 आणि 2017 मध्ये नेमणुकांपुरता हा अडथळा बहुमताने काढला गेला. बहुतेक कायद्यांना तो आजही आहे. माझ्या मते न बोलता अडवण्याचा हा प्रकार मूळ डावापेक्षाही वाईट आहे. थर्मंड यांना निदान देशासमोर रात्रभर उभे राहून आपण काय अडवतो आहोत ते दाखवावे लागले. आता अडवणाऱ्याचा चेहराही दिसत नाही, आणि मतदाराने जाब विचारायचा तो कुणाला?

झुंडबळी हा संघराज्याच्या कायद्यात गुन्हा ठरवणाऱ्या विधेयकावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली ती 29 मार्च 2022 रोजी. डायर विधेयक प्रतिनिधिगृहात मंजूर झाले, त्याला तेव्हा शंभर वर्षे उलटून गेली होती.