पायऱ्या बुजवल्या तेव्हा

माझ्या आजीच्या घोट्यावर नारूचा वण होता. ती सांगायची, जखमेतून दोऱ्यासारखं टोक दिसलं की ते काडीला गुंडाळायचं, रोज एखादा वेढा द्यायचा. नारू हा जंत हातभर लांब, कधी त्याहून जास्त. ओढताना तुटला तर पाय सुजून पिकायचा आणि ऐन सुगीत माणूस खाटेवर पडायचा.

पुढे मी मराठवाड्यात आरोग्यसेवक झालो. राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम १९८३-८४ साली सुरू झाला, तेव्हा माझ्या पिशवीत ना लस होती, ना औषधाची गोळी. दोन्ही नव्हतीच, आजही नाहीत. नारू राहायचा तो बारवेच्या पायऱ्यांच्या आश्रयानं. ठणकणारा पाय गार पाण्यात बुडवला की बरं वाटायचं, आणि नेमक्या त्याच क्षणी नारूची मादी हजारो अळ्या पाण्यात सोडायची. त्या अळ्या सायक्लॉप्स नावाचा, टाचणीच्या टोकाएवढा जलजीव गिळायचा. तो पाण्याबरोबर माणसाच्या पोटात गेला की साधारण वर्षभरानं नवा नारू पायातून बाहेर यायचा. वर्षापूर्वी प्यायलेल्या पाण्यावर आज फोड आला म्हटलं, की लोक हसायचे. देवीचा कोप त्यांना जवळचा वाटायचा, आणि खरं सांगायचं तर वर्षभराचा हिशेब मलाही समोर बसून पटवता यायचा नाही.

मग वाद घालण्यापेक्षा पाणी दुहेरी फडक्यातून गाळायला लावायचं, विहिरीत सायक्लॉप्स मारणारं टेमेफॉस मोजून टाकायचं आणि पायात नारू असलेल्या माणसाला पाण्यात उतरू द्यायचं नाही. हे तिसरं काम सर्वांत अवघड. पाणी आणायच्या बायाच असायच्या, आणि ज्या घरात दुसरा हात नाही तिथं दुखऱ्या पायाची बाईच घागर घेऊन निघायची. तिला अडवून मी काय देणार होतो?

खरा बंदोबस्त केला गवंड्यानं. पायऱ्या बंद करायच्या, काठाला कठडा बांधायचा, वर रहाट बसवायचा. पाण्याला पाय लागायचाच थांबला की साखळी तुटते. आणि जिथं बोअर लागली तिथं हातपंप आला. सोलापूर आणि जालन्याच्या पंपांवरून घडत गेलेला 'इंडिया मार्क टू' नारूसाठी बनवलेला नव्हता, पण या कामात त्याचा वाटा माझ्या पिशवीपेक्षा मोठा.

काही गावांत म्हातारे चिडले. ज्या पायऱ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या वावर झाला, त्या दगडमातीनं बुजवताना मलाही बरं वाटलं नव्हतं. आता त्याच बारवा साफ करून पुन्हा उघडतात, दिवाळीत पणत्या लावतात. लावाव्यात. देखणं काम आहे ते.

देशातला शेवटचा नारूचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला. जागतिक आरोग्य संघटनेनं २००० साली भारताला नारूमुक्त ठरवलं. आजी त्याआधीच गेली होती.