गुत्ता

मराठवाड्यात रस्त्याचं किंवा बांधकामाचं काम घेणाऱ्याला कंत्राटदार म्हणायची पद्धत नाही. त्याला गुत्तेदार म्हणतात. नांदेडच्या किंवा लातूरच्या टपरीवर चहा पिताना हा शब्द दिवसातून दहा वेळा कानावर पडतो. गुत्ता म्हणजे ठेका, मक्ता. पण याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे दारूचं दुकान.

हे दोन अर्थ एकत्र आले, कारण निजामाच्या राज्यात दारू आणि शिंदी विकण्याचा हक्क लिलावात जायचा. बोली जिंकेल त्याचा गुत्ता. तो सरकारला ठरलेली रक्कम भरायचा आणि ती गावाकडून वसूल करायचा. कुणी काय प्यायचं आणि किती पैसे देऊन, हे पिणारा किंवा बनवणारा नव्हे, तर बोली लावणारा ठरवू लागला. या भागातल्या पेयांचा इतिहास म्हणजे बराचसा या गुत्त्याचाच इतिहास आहे.

आज आपल्यातले बरेच जण नाशिकला जाऊन वाइन टेस्टिंग करतात. टेबलावर पाच छोटे ग्लास, समोर द्राक्षांची रांग, आणि माती, ऊन, लाकडी पिंप यांची माहिती देणारा कुणीतरी. असंच एक टेबल नांदेड-लातूरकडे मांडायचं ठरवलं, तर त्यावर काय काय ठेवावं लागेल?

द्राक्ष

सुरुवात द्राक्षापासूनच करू, कारण तेही इथे परकं नाही. लातूरच्या शेजारी, धाराशिव जिल्ह्यात तेर नावाचं गाव आहे. त्याचं जुनं नाव तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवहीत तगरचा उल्लेख येतो. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठं शहर आहे आणि तिथलं कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदरात येतं, असं तो सांगतो. त्याच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत पहिलं नाव दारूचं आहे, आणि त्यातही इटलीच्या दारूला पसंती. म्हणजे आपल्याकडचं जाडंभरडं कापड ज्या बंदरातून बाहेर जात होतं, तिथेच इटलीची वाइन उतरत होती. ती विणकरापर्यंत पोचली असेल असं मात्र समजू नका.

पुढे चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला. इथे द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात, अशी नोंद त्यानं केली. मराठवाड्यातलं द्राक्ष इतकं जुनं आहे. तरी गावाचं पेय द्राक्षाचं कधीच नव्हतं. ते झाडावरून गळून पडायचं.

मोह

नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेला किनवट आणि माहूर. डोंगर, सागवान, पैनगंगा. गोंड, कोलाम, आंध, परधान यांची वस्ती. १९५६ पर्यंत किनवट हा तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला, आणि नांदेडचा मुधोळ तिकडे गेला. नकाशावर रेघ सरकली, जंगल होतं तिथेच राहिलं.

मार्च-एप्रिलमध्ये मोहाची पानं झडतात आणि फुलं येतात. मांसल, फिकट पिवळी, गोड. ती रात्री आणि पहाटे गळतात. उजाडायच्या आत बायका-पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. ही फुलं वाळवून वर्षभर टिकतात. त्यांची भाकरी होते, लाडू होतात, आणि दुष्काळात तर या फुलांनी माणसं जगवली आहेत. पैठणच्या सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’तही मोहाची फुलं वेचायला जाणाऱ्या तरुणी भेटतात. म्हणजे हे वेचणं निदान दीड-दोन हजार वर्षांचं आहे.

दारू हा या फुलाचा एक उपयोग. वाळलेली फुलं काही दिवस पाण्यात भिजत घालायची. ती आंबली की मडक्यात घालून चुलीवर ठेवायची, वाफ नळीतून थंड भांड्यात आणायची. सुरुवातीला जे थेंब येतात ते सगळ्यात कडक. आपण ‘पहिल्या धारेची’ म्हणतो ते इथलंच. जन्म, लग्न, मयत, पेरणी या सगळ्यांत ती लागते, आणि माणसांआधी देवाला, पूर्वजांना चार थेंब जमिनीवर वाहिले जातात.

याच गोष्टीचा सरकारला त्रास होतो. घरच्या चुलीवर होणाऱ्या दारूवर कर बसवणार कसा? इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्यानं दारू गाळणं मोठ्या भट्ट्यांकडे आणि मक्तेदारांकडे वळवलं. ठाणे-कुलाब्यात १८९२ च्या कायद्यानं तर मोहाच्या फुलावरच बंधन आणलं. फूल साठवलं तरी माणूस गुन्हेगार. हैदराबाद संस्थानात कायदे वेगळे होते, पण रोख तोच होता: गाळायचं ते सरकारमान्य भट्टीत, विकायचं ते गुत्त्यावर.

शिंदी

तिसरा ग्लास शिंदीचा. शिंदी म्हणजे रानटी खजूर. देगलूर, बिलोली, धर्माबाद या तेलंगणला लागून असलेल्या पट्ट्यात तिच्यासोबत ताडही दिसतो. संध्याकाळी झाडाच्या शेंड्याला छेद देऊन मडकं बांधायचं आणि पहाटे उतरवायचं. तेव्हा ती नीरा असते, थंड आणि गोड. ऊन चढलं की आंबायला लागते. दुपारी ती शिंदी होते, आणि दुसऱ्या दिवशी आंबट. ती साठवून ठेवता येत नाही, लांब नेता येत नाही. गावात उतरवायची, गावातच संपवायची.

बाटलीत न मावणाऱ्या या पेयावर निजाम सरकारनं झाडापासूनच कर बसवला. झाड छेदायचं तर पैसे भरायचे, विकायचं तर गुत्ता घ्यायचा. संस्थानाच्या उत्पन्नात जमीन महसुलाच्या खालोखाल अबकारीचा वाटा होता. दुसऱ्या शब्दांत सांगायचं तर, रयतेच्या मडक्यातून हैदराबादची तिजोरी भरत होती.

म्हणूनच हैदराबाद मुक्तिसंग्रामात एक अशी गोष्ट घडली जी शाळेच्या पुस्तकात एका ओळीत उरकली जाते. ७ ऑगस्ट १९४७ ला स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालच्या स्टेट काँग्रेसनं ‘भारतात सामील व्हा’ असा दिवस पाळला आणि लढ्याचा शेवटचा टप्पा सुरू झाला. कार्यकर्त्यांनी करोडगिरीची नाकी उठवली, लेव्हीचं धान्य द्यायला नकार दिला, आणि कुऱ्हाडी घेऊन शिंदीची झाडं तोडली. सरकारचं उत्पन्न तोडायचं, हा एक हेतू. गाव दारूपासून सोडवायचं, हा दुसरा. हजारो वर्षं रस देणारं झाड राज्याच्या बाजूचं मानलं गेलं आणि आडवं झालं.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं. त्या दिवसाचा अभिमान आपल्याला आहे आणि तो असायलाच हवा. पण त्या कुऱ्हाडीचा घाव गुत्तेदाराइतकाच, किंबहुना जास्त, त्या झाडावर चढणाऱ्याच्या पोटावर बसला, हेही इतिहासात लिहायला हवं. गुत्तेदाराला दुसरा धंदा मिळतो. कमरेला दोर बांधून झाडावर चढणाऱ्याला तो सहज मिळत नाही.

मळी

चौथ्या ग्लासात जे आहे त्याला ना फूल, ना फळ. लातूरची मांजरा नदी पुढे कर्नाटकातून तेलंगणात जाते. तिच्यावर १९२३ ते १९३१ या काळात निजामसागर बांधलं गेलं, कालव्यांखाली ऊस आला आणि १९३७ मध्ये बोधनला निजाम शुगर फॅक्टरी उभी राहिली. पुढे मराठवाड्यातही सहकारी साखर कारखाने आले. साखर काढून उरते ती काळी, चिकट मळी. तिच्यापासून मद्यार्क बनतो, आणि मद्यार्कात पाणी, रंग, वास घातला की देशी दारू.

दरम्यान १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला होता, आणि मुंबईचा १९४९ चा दारूबंदी कायदा इथेही आला. बंदी पुढे सैल होत गेली. १९७३ च्या देशी दारू नियमांनी कारखान्यातल्या मळीच्या दारूला सरकारी शिक्का मिळाला. घरच्या मोहाला तो मिळाला नाही. ती ‘हातभट्टी’ म्हणून गुन्ह्याच्या खात्यातच राहिली.

गुन्हा ठरलेली गोष्ट लपून होते, आणि लपून झालेली गोष्ट बिघडते. फुलांच्या जागी सडका गूळ आणि नवसागर आला. सीमेपलीकडच्या शिंदीत क्लोरल हायड्रेटची पावडर आली. मिथेनॉल मिसळलेल्या दारूनं २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराहून जास्त माणसं मेली. तेव्हा जुनं ते सगळं सोनं, असं म्हणायची सोय नाही. आणि शिक्क्याची दारूही घरं मोडतेच. म्हणून तर बायकांनी ‘आडवी बाटली’ची लढाई लढली. २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या किंवा वॉर्डातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर दुकान बंद करावं लागतं. गुत्त्याच्या इतिहासात गावाला मत विचारलं जाण्याची ही फार उशिरा आलेली वेळ.

मळीच्या ग्लासात पाणीही मोजायला हवं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांचं पाणी कमी करण्याचा आदेश द्यावा लागला. मोहाच्या झाडाला कुणी कालवा काढत नाही.

पाचवा ग्लास

पाचवा ग्लास अजून रिकामा आहे. २००१ मध्ये महाराष्ट्रानं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं. वाइनला करात सवलत मिळाली, नाशिकजवळ विंचूरला आणि सांगलीत पलूसला वाइन पार्क ठरले. द्राक्षाचा रस आंबवणं हा शेतीपूरक उद्योग झाला, तेव्हा मोहाचं फूल आंबवणं गुन्हाच होतं. रसायनशास्त्राच्या दृष्टीनं दोन्हीकडे साखरेचा मद्यार्कच होतो. फरक आहे तो कोण बनवतं याचा. २०२१ मध्ये राज्यानं मोहफुलं गोळा करण्यावरची, साठवण्यावरची बंधनं उठवली. आता मोहाच्या दारूला महागड्या बाटलीत भरून शहरात विकण्याच्या गोष्टी सुरू आहेत.

उद्या किनवटला छोटी मोहाची वायनरी निघाली तर आपण रील काढायला नक्की जाऊ. पण तिथे गेल्यावर चवीआधी एक प्रश्न विचारायला हवा: परवाना कुणाच्या नावावर आहे? उत्तराची सोय कायद्यातच आहे. किनवट तालुक्यातली बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ चा पेसा कायदा तिथे मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा नियमन करण्याचा अधिकार ग्रामसभेकडे देतो. २००६ चा वनहक्क कायदा गौण वनोपज गोळा करून विकण्याचा हक्क जंगलातल्या माणसांना देतो, आणि मोह त्यातच येतो. म्हणजे भट्टी लावायची की बाटली आडवी करायची, हे पहाटे उठून फुलं वेचणाऱ्या बायकांच्या ग्रामसभेनं ठरवायचं आहे. तसं झालं नाही, तर परवान्यावर नाव कुठलंही असो, लोक त्या माणसाला गुत्तेदारच म्हणतील.