येडशीची छोटी रेल्वे, तिची विलायती बहीण आणि तुमची सायकल

मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या पेशंटना आम्ही डॉक्टर एक वाक्य ठरल्यासारखं सांगतो, "रोज अर्धा तास चाला, नाहीतर सायकल चालवा." येडशी परिसरातल्या एका काकांनी मला त्यावर उलट विचारलं, "डॉक्टरसाहेब, चालवतो की. पण कुठं? हायवेवर?"

मला लगेच उत्तर सुचलं नाही. सोलापूर-धुळे महामार्ग येडशीवरून जातो, बार्शी आणि लातूरकडचे रस्तेही इथेच फुटतात. उसाचे ट्रॅक्टर, मालट्रक, एसटी, खासगी बस, सगळं याच फाट्यावर. साठीच्या माणसाला इथे सायकल चालवा म्हणणं म्हणजे एका आजारातून वाचवून अपघातात ढकलणं. औषध लिहून द्यायचं आणि ते कुठल्याच दुकानात मिळायचं नाही, तसाच हा प्रकार.

या प्रश्नाचं एक उत्तर येडशीच्याच इतिहासात आहे. आज तो इतिहास थोडा उलगडून बघू. शेवटी आरोग्याच्या गोष्टी आहेतच.

बार्शी लाईट: छोटी गाडी, मोठी कल्पना

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बार्शी ही कापसाची मोठी पेठ होती. मुंबईकडची मोठी रेल्वे मात्र बार्शीला न येता दूरवरून, आजच्या कुर्डुवाडीवरून जायची. तिथपर्यंत माल बैलगाड्यांनी न्यावा लागे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरच्या डोक्यात आलं, की मोठ्या रेल्वेचा खर्च परवडत नसेल तर छोटी रेल्वे का करू नये? फक्त ती नीट विचार करून केली पाहिजे.

त्याने रुळांतलं अंतर अडीच फूट ठेवलं. इंजिन असो वा डबा, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येणार नाही असा हिशेब बांधला. त्यामुळे हलके रूळ चालले, पूल हलके झाले आणि खर्च आटोक्यात राहिला. कुर्डुवाडी ते बार्शी ही गाडी १८९७ मध्ये सुरू झाली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली आणि वारकऱ्यांची गाडी झाली. दुसऱ्या बाजूने बालाघाटाचा चढ चढून, येडशीवरून ती १९११ मध्ये लातूरला गेली. १९२७ मध्ये मिरज जोडलं गेलं. तेव्हा ही लाईन सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास होती. १९५४ मध्ये ती सरकारच्या ताब्यात आली.

पुढे ब्रॉडगेजचा काळ आला. कुर्डुवाडी-लातूर मार्गाचं रुंदीकरण २००८ पर्यंत पूर्ण झालं. जिल्ह्याचं ठिकाण असूनही धाराशिव शहर जुन्या लाईनवर नव्हतं, म्हणून नवा मार्ग येडशीहून तिकडे वळवला. ही गरजेची आणि चांगली गोष्ट झाली. पण त्यात येडशीपुढचा जुन्या छोट्या लाईनचा पट्टा मागे पडला.

तिकडची बहीण

आता गंमत बघा. याच कॅलथ्रॉपने बार्शीचा अनुभव गाठीशी बांधून इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायर परगण्यात एका छोट्या रेल्वेला हातभार लावला. लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाईट रेल्वे हे तिचं नाव. रुळांतलं अंतर तेच, अडीच फूट, आणि इंजिनांवरही बार्शीची छाप. नदीच्या खोऱ्यातून जाणारी ही गाडी १९०४ मध्ये सुरू झाली. गावोगावचं दूध आणि सहलीला येणारी माणसं हा तिचा मुख्य धंदा. मोटारी आल्या, दूध लॉरीतून जाऊ लागलं आणि १९३४ मध्ये गाडी बंद पडली.

त्यापुढे तिकडच्या लोकांनी जे केलं ते आपल्या कामाचं आहे. रूळ उखडले, पण वाट मोडू दिली नाही. रेल्वे कंपनीने ती जागा परगण्याच्या कौन्सिलकडे दिली आणि १९३७ मध्ये तिथे पायी चालायची वाट उघडली. आज तिला मॅनिफोल्ड वे म्हणतात. सुमारे तेरा किलोमीटरच्या या वाटेवर माणसं चालतात, सायकल चालवतात, लहान मुलं घेऊन येतात. एका टप्प्यात मोटारीही जातात, बाकी वाट माणसांची.

म्हणजे एकाच इंजिनिअरच्या हाताखालून गेलेल्या दोन बहिणी. एकीची वाट लोकांच्या व्यायामासाठी जपली गेली. दुसरी आपल्या दारात होती.

फ्रान्सने काय केलं?

फ्रान्समध्ये हेच काम फार मोठ्या प्रमाणावर झालं. तिथेही खेडोपाडी पोचलेल्या छोट्या रेल्वे मोटारींच्या काळात एकामागून एक बंद पडल्या. मग त्या वाटांवर पक्के, गुळगुळीत, गाड्यांना बंदी असलेले मार्ग तयार होऊ लागले. तिकडे त्यांना 'व्हुआ व्हेर्त' म्हणतात, म्हणजे हिरवी वाट. बर्गंडी भागात जिव्री ते क्लूनी हा असा मार्ग १९९७ मध्ये जुन्या रेल्वेवर सुरू झाला. द्राक्षांच्या मळ्यांमधून, जुन्या स्टेशनांवरून तो जातो. २००४ मध्ये तर फ्रान्सच्या वाहतूक कायद्यातच 'हिरवी वाट' ही व्याख्या आली: इंजिन नसलेली वाहनं, पायी चालणारे आणि घोडेस्वार यांच्यासाठी राखीव रस्ता. सतराव्या शतकातल्या 'कनाल द्यु मिदी' या कालव्याच्या काठाच्या वाटाही अशाच वापरात आल्या. पूर्वी तिथून जनावरं नावा ओढायची, आता सायकली जातात.

डॉक्टरला यात एवढा रस का?

पहिलं कारण चढ. रेल्वेला तीव्र चढ चढता येत नाही, म्हणून इंजिनिअर डोंगर कापून, भराव घालून वाट जवळजवळ सपाट ठेवतात. सायकलवाल्याच्या हृदयाला हा आयता फायदा मिळतो. साधा हिशेब बघा. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो वजन आहे आणि वेग ताशी १२ किलोमीटर. शंभर मीटरला एक मीटर चढ असेल तर सपाटीपेक्षा साधारण २८ वॅट जास्त ताकद लागते. तोच चढ शंभराला पाच मीटर झाला की १४० वॅट जास्त लागतात. पहिला चढ बहुतेकांना गप्पा मारत जमेल. दुसऱ्याला सवय नसलेल्या माणसाची छाती भरून येईल.

दुसरं कारण हृदय. १९५३ मध्ये जेरी मॉरिस या डॉक्टरने आपल्या सहकाऱ्यांसह लंडनच्या वाहतूक सेवेतल्या सुमारे ३१,००० पुरुष कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर बसून असत, तर कंडक्टर दुमजली बसचे जिने चढत-उतरत. कंडक्टरांमध्ये हृदयरोग कमी आढळला. दोन्ही गटांत मुळातच काही फरक असू शकतो, ही शंका तेव्हाही घेतली गेली आणि ती रास्त होती. पण नंतरच्या अनेक अभ्यासांनी तीच दिशा दाखवली, की हलतं शरीर हृदयाला राखतं. जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते.

तिसरं कारण साखर. पाय चालतात तेव्हा मांडीचे मोठे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, इन्सुलिन नीट काम करत नसतानाही. शिवाय सायकलवर शरीराचा बराच भार सीटवर असतो. गुडघेदुखीमुळे चालणं नको वाटणाऱ्यांना सायकल अनेकदा जमते, ती याच कारणाने.

आणि चौथं कारण भीती. मागून ट्रकचा हॉर्न वाजत असेल तर माणूस दोन दिवस सायकल काढतो, तिसऱ्या दिवशी ती भिंतीला टेकवून ठेवतो. व्यायाम टिकायचा असेल तर वाट निवांत हवी.

मग येडशीकरांनी काय करायचं?

आपल्याकडे फ्रान्ससारखी हिरवी वाट आज नाही. पण पाणंद आहे, गाडीवाट आहे, शिवरस्ता आहे. बैलगाडीसाठी झालेल्या या वाटांवर ट्रक येत नाहीत. शेत-पाणंद रस्त्यांसाठी राज्य सरकारची योजनाही आहे. पाणंद शेतमालासाठी पक्की होते, तिच्यावरच सकाळी तासभर सायकली फिरू शकतात. आपल्या गावची कोणती पाणंद मोकळी आहे, कोणती अडली आहे, हा विषय ग्रामसभेत मांडा. जुन्या रेल्वेवाटेबद्दलही तिथेच विचारा. मात्र रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय जाऊ नका, आणि चालू रुळांच्या कडेने तर मुळीच नाही. रामलिंगकडचा भाग १९९७ पासून अभयारण्य आहे. तिथे वनविभागाचे नियम पाळा आणि माकडांना खायला घालू नका.

सुरुवात करताना एवढं लक्षात ठेवा:

- पहिल्या आठवड्यात रोज दहा-पंधरा मिनिटं पुरेत. मग हळूहळू वाढवा.
- बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, एवढाच दम लागू द्या.
- पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीटची उंची ठेवा. सीट फार खाली असली की गुडघे दुखतात.
- उन्हाळ्यात ऊन चढायच्या आत घरी या. पाणी सोबत ठेवा.
- इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खिशात साखर किंवा ग्लुकोज असू द्या. हातापायाला कंप सुटला, घाम फुटला, की थांबा आणि ते खा.
- छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, चक्कर असं काही वाटलं तर लगेच थांबा आणि दवाखाना गाठा. "बसेल थोड्या वेळात" म्हणून घरी जाऊ नका.
- हृदयाचा त्रास झालेला असेल, अँजिओप्लास्टी झालेली असेल किंवा डोळ्यांच्या पडद्यावर उपचार चालू असतील, तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

त्या काकांनी शेवटी हायवे सोडला. आता ते शेताकडच्या पाणंदीने जातात, पावसाळ्यात चिखल झाला की चालत जातात. मीही प्रिस्क्रिप्शन लिहिताना थोडा बदललो आहे. "सायकल चालवा" म्हणायच्या आधी विचारतो, "तुमच्या घराजवळ कोणती वाट आहे?"

तुम्हीही आज घरी हा प्रश्न विचारून बघा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलंत तर आणखी बरं. छोटी रेल्वे कुठून जायची, कोणती गाडीवाट कुठे निघायची, हे त्यांना पाठ असतं.