नांदेडची नदीकाठची वाट : स्थलनामांची साक्ष

गोदावरीच्या उत्तर तीरावर वसलेल्या नांदेडात नावघाट, नगीनाघाट, बंदाघाट, गोवर्धनघाट असे अनेक घाट आहेत. २००८ साली गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त नदीकाठाचे नवे बांधकाम झाले. त्यामुळे काठाने जाणारी वाट हीच येथील मुख्य वाट होय, असा पादचाऱ्याचा समज होतो. घाटांच्या नावांवरून मात्र निराळा निष्कर्ष निघतो.

संस्कृत 'घट्ट' म्हणजे पाण्यात उतरण्याची जागा. सह्याद्रीत तोच शब्द डोंगर उतरण्याच्या वाटेस लागला. उतार हा दोहोंतील समान अर्थ. 'नावघाट' या नावात तर पैलतीर गाठण्याचा व्यवहारच गोठलेला आहे. तात्पर्य, जुनी रहदारी काठाने जाण्यापेक्षा काठाकडे, आणि काठावरून पलीकडे जाणारी होती. पैलतीरावरील कौठा, वसरणी ही गावे आज उपनगरे झाली आहेत.

'नगीनाघाट' व 'बंदाघाट' ही नावे निराळ्या थरातील आहेत. १७०८ साली गुरू गोविंदसिंग येथे आले; माधोदास बैरागी त्यांचा शिष्य होऊन बंदासिंग बहादूर म्हणून प्रसिद्धीस आला. ही नावे व्यवहाराची नसून स्मृतीची आहेत.

याहून जुना पुरावा वाकाटक नृपती द्वितीय विंध्यशक्तीच्या वाशीम ताम्रपटात, म्हणजे इसवी सनाच्या चौथ्या शतकात, सापडतो. त्यातील 'नांदीकड' म्हणजे नांदेड, असे वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले. नांदीकडच्या 'उत्तरमार्गा'चा तेथे उल्लेख आहे. 'मार्ग' हा शब्द येथे प्रादेशिक विभागाचा वाचक आहे. 'नांदेड' हे 'नंदितट'चे रूप, ही व्युत्पत्ती लोकप्रिय आहे. परंतु प्राकृतात 'तट'चे 'तड' होते, 'कड' नव्हे. स्वरमध्यस्थ 'त' आणि 'क' दोन्ही पुढे लोप पावत असल्याने आजच्या रूपावरून निर्णय होत नाही. ताम्रपटातील 'क' मात्र 'नंदितट'च्या विरुद्ध जातो. ते नाव मागाहून केलेले संस्कृतीकरण असण्याचा संभव अधिक.

काठाचे दगड बदलले तरी नाव टिकते. नाव बदलले की पुरावाच नाहीसा होतो. म्हणून या वाटेच्या अभ्यासकाने मोजपट्टीबरोबर नावांची वहीही जवळ बाळगावी, आणि दोन्ही तीरांवरील कोळी, परीट व वृद्ध रहिवासी यांच्या तोंडची उतारांची नावे उच्चारासह टिपून घ्यावीत.