पीसीओएस, लठ्ठपणा आणि ‘ड’ जीवनसत्त्व : एका संबंधाचा इतिहास

पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम म्हणजेच पीसीओएस असलेल्या अनेक स्त्रियांच्या रक्तात ‘ड’ जीवनसत्त्व कमी आढळते. ही कमतरता आजाराचे कारण आहे, की त्यासोबत येणाऱ्या लठ्ठपणाचा परिणाम? संशोधकांनी याचा शोध कसा घेतला, ते या पाठात पाहू.

१९३५ साली शिकागोतील स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी सात स्त्रियांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. पाळी बंद होणे आणि बीजांडकोशांत अनेक पुटिका दिसणे ही लक्षणे त्यांच्यात समान होती. काहींमध्ये लठ्ठपणाही होता. तेव्हा हा आजार बीजांडकोशापुरता मानला गेला. १९८० पासून रक्तातील वाढलेल्या इन्सुलिनशी त्याचा संबंध स्पष्ट होत गेला आणि अभ्यासकांचे लक्ष चयापचयाकडे वळले.

मुडदुसावरील संशोधनातून पुढे आलेले ‘ड’ जीवनसत्त्व या चर्चेत उशिरा आले. १९९९ मध्ये अमेरिकेत पीसीओएसच्या १३ स्त्रियांना ‘ड’ जीवनसत्त्व व कॅल्शियम देण्यात आले. त्यांपैकी सात जणींची पाळी दोन महिन्यांत नियमित झाली. निष्कर्ष आशादायक होता, पण गट लहान होता. २००६ मध्ये जर्मनीतील १२० रुग्णांच्या अभ्यासात ‘ड’ कमी असलेल्या स्त्रियांमध्ये लठ्ठपणा व इन्सुलिनरोध अधिक आढळला.

दरम्यान २००० साली बोस्टनमधील प्रयोगाने एक महत्त्वाचा दुवा दिला होता. अतिनील किरण दिल्यावर लठ्ठ व्यक्तींच्या रक्तातील ‘ड’ची वाढ इतरांपेक्षा ५७ टक्के कमी होती. त्वचेतील मूळ घटक मात्र दोन्ही गटांत सारखाच होता. हे जीवनसत्त्व मेदात विरघळते, त्यामुळे ते चरबीत अडकून राहते, असा अर्थ लावला गेला. २०१३ मध्ये सुमारे ४२,००० लोकांच्या जनुकीय विश्लेषणाने दिशाही दाखवली : वजन वाढवणाऱ्या जनुकांमुळे ‘ड’ कमी होते, ‘ड’ कमी करणाऱ्या जनुकांमुळे वजन वाढल्याचा पुरावा मिळाला नाही.

म्हणून पीसीओएस असलेल्या व नसलेल्या स्त्रियांची तुलना करताना दोन्ही गटांचा बीएमआय सारखा आहे का, हे आधी पाहावे. तो वेगळा असेल, तर आढळलेला फरक आजाराचा की वजनाचा, हे ठरवता येत नाही. कमतरता असल्यास ती भरून काढणे योग्यच. पण तेवढ्याने पीसीओएस बरा होतो, असे मानू नये.

विचार करा : १९९९ च्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट असता, तर निष्कर्षाचे वजन कसे बदलले असते?