पगाराच्या स्लिपवरचे ते 200 रुपये

वाळूजच्या कामगार वस्तीत दोन पगारांचा एक झाला की आधी पोरांची ट्यूशन सुटते, मग दूध कमी होतं. घराचा हप्ता काही कमी होत नाही. उरलेल्या पगाराच्या स्लिपवर आणखी एक कपात असते: व्यवसाय कर, महिना 200 आणि फेब्रुवारीत 300. (पगार बाईचा असेल तर 2023 पासून 25 हजारांपर्यंत माफ.) हा कर आला कुठून, हे मी विचारतो तेव्हा फारसं कुणाला सांगता येत नाही.

तो आला 1972 च्या दुष्काळामागून. आपल्या मराठवाड्यात शेतीचं उत्पन्न बुडालं आणि घरं चालली ती दुष्काळी कामाच्या हजेरीवर. खडी फोडायची, पाझर तलावाची माती वाहायची आणि रेशनची लाल मिलो पुरवून पुरवून खायची. पैठणकडच्या म्हाताऱ्या मिलोचं नाव काढलं की आजही तोंड वाकडं करतात.

त्याच काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी राज्यभर गेली. तिच्या खर्चासाठी 1975 मध्ये हा कर बसला आणि हमीचा कायदा 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या रिकाम्या हातांसाठी पैसे द्यायचे, हे महाराष्ट्राने देशाच्या कितीतरी आधी केलं. मला त्याचं कौतुकच आहे.

पण हमी ग्रामीण भागाची, तीही अंगमेहनतीच्या कामाची. वीस वर्षं कर भरलेल्या फिटरची नोकरी गेली तर त्याने कुठे नाव नोंदवायचं? आपल्या आमदारांनी अधिवेशनात एवढं तरी विचारावं: या कराचे किती कोटी जमतात आणि हमीवर त्यातले किती जातात?